युजेस आहे, प्रोव्हाइड्स कुठाय? मॉड्यूलवाल्या जावा प्रोग्रॅममधल्या सेवा कशा तपासायच्या

बंद पडलेला प्रोग्रॅम फार त्रास देत नाही. लाल अक्षरात काहीतरी लिहून जातो, ते वाचून दुरुस्ती करता येते. खरा त्रास देतो तो चालू राहून चुकीचं काम करणारा. जिनिंगच्या काटाघरातून फोन येतो, "भाऊ, पावती निघून राह्यली, पण वजन शून्यच दाखवून राह्यलं." तुमच्या लॅपटॉपवर तेच सॉफ्टवेअर व्यवस्थित चालतं, कंपायलरनं काही कुरकुर केलेली नसते आणि लॉगही कोरा असतो. प्रोग्रॅम मॉड्यूलमध्ये लिहिलेला असेल, तर अशा वेळी पहिला संशय सेवेवर घ्यावा. म्हणजे ज्याला जावात सर्व्हिस म्हणतात त्यावर: एक मॉड्यूल इंटरफेस दाखवून काम मागतो, आणि ते करणारा क्लास दुसरा मॉड्यूल देतो.

शेगाव, बडनेरा, पुसद, सेवाग्राम इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडून गावाकडेच छोटी-मोठी सॉफ्टवेअरची कामं घेणाऱ्या पोरापोरींसाठी हा लेख आहे. क्लास, इंटरफेस, जार फाइल एवढं येतं, पण मॉड्यूल-इन्फो फाइल (मॉड्यूलला काय लागतं आणि तो काय देतो ते लिहिलेली) उघडून पाहिलेली नाही, असं मी धरून चाललो आहे. जेडीके १७ किंवा २१ असेल तर पुढचं सगळं जमेल. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायच्या. सुरुवातीला दोन आडव्या रेघा दिसल्या तर त्या दोन्ही हव्यात.

आधी नमुना बघू

एका जिनिंगसाठी कापसाच्या गाड्यांची काटा पावती करायची आहे. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होतं, कापूस उतरवून रिकामी गाडी परत काट्यावर येते, दोन्ही वजनांतला फरक म्हणजे कापूस. काट्याच्या इंडिकेटरमधून वजन सिरियल केबलनं कॉम्प्युटरवर येतं. केबल बिघडली किंवा इंडिकेटर रुसला तर ऑपरेटर आकडा हातानं टाकतो. म्हणजे वजन मिळवायच्या दोन वाटा झाल्या, आणि उद्या काट्याची कंपनी बदलली की तिसरी होईल. म्हणून मॉड्यूल असे पाडले आहेत: काटा.करार यात फक्त 'वजनवाचक' हा इंटरफेस. काटा.मुख्य यात स्क्रीन, पावती, हिशोब. काटा.सिरियल आणि काटा.हाती या दोघांत वजनवाचकाची एकेक अंमलबजावणी.

मुख्य मॉड्यूलची मॉड्यूल-इन्फो फाइल अशी दिसेल:

मॉड्यूल काटा.मुख्य {
    रिक्वायर्स काटा.करार;
    रिक्वायर्स जावा.एसक्यूएल;
    युजेस काटा.करार.वजनवाचक;
}

आणि सिरियलवाल्याची अशी:

मॉड्यूल काटा.सिरियल {
    रिक्वायर्स काटा.करार;
    प्रोव्हाइड्स काटा.करार.वजनवाचक विथ काटा.सिरियल.सिरियलवाचक;
}

(जावाला मॉड्यूलची, क्लासची नावं खरोखरच देवनागरीत चालतात. तरी प्रत्यक्ष कामात रोमनच ठेवा. जुन्या विंडोजच्या काळ्या खिडकीत देवनागरी नावांचे चौकोन होतात आणि मग चूक शोधायची की चौकोन मोजायचे, असं होतं.)

या दोन फाइलींत एक गोष्ट नीट पाहा. काटा.मुख्यनं काटा.सिरियलचं नाव कुठेच घेतलेलं नाही. रिक्वायर्स हा सालगडी आहे. पाडव्याला नाव ठरलं, बोली झाली, तो आला नाही तर त्याच दिवशी सगळ्यांना कळतं. युजेस म्हणजे सकाळी चौकात जाऊन मिळेल तो रोजदार आणायचा. कोणीच नाही मिळालं तर बोंब कोणी मारत नाही, फक्त निंदण राहून जातं. जावाची मॉड्यूल व्यवस्था अगदी अशीच वागते. रिक्वायर्समधला मॉड्यूल नसेल तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही, तोंडावर सांगून बंद होतो. युजेसमधल्या सेवेला देणारा एकही नसला तरी प्रोग्रॅम आनंदानं सुरू होतो, आणि सर्व्हिसलोडर (सेवा देणारे शोधून आणणारा जावाचा क्लास) रिकामी यादी हातात देतो.

आपल्या काटाघरात नेमकं हेच झालेलं असतं. कोणीतरी कोडमध्ये 'पहिला वाचक घे, नसेल तर शून्य दे' असं लिहिलेलं, आणि वाचक एकही नाही.

कंपायलर काय बघतो, काय सोडून देतो

कंपायलर बऱ्याच गोष्टी पकडतो. प्रोव्हाइड्समध्ये लिहिलेला क्लास खरंच आहे का, तो तो इंटरफेस पाळतो का, त्याला पब्लिक आणि बिनआर्ग्युमेंटचा कन्स्ट्रक्टर आहे का (किंवा 'प्रोव्हायडर' नावाची पब्लिक स्टॅटिक मेथड), हे सगळं तिथंच तपासलं जातं. युजेसमध्ये लिहिलेला इंटरफेस अस्तित्वात आहे का, हेही. सेवा देणारा क्लास ज्या पॅकेजमध्ये आहे ते पॅकेज एक्स्पोर्ट करायची गरज नसते. उलट करूच नये, नाहीतर कोणीतरी थेट तो क्लास वापरायला लागतो आणि सेवा ठेवण्याचा उद्देशच संपतो.

कंपायलर दोन गोष्टी बघत नाही. एक, युजेसला उत्तर देणारा प्रोव्हाइड्स कुठे आहे का. ते त्याला कळणंच शक्य नाही, कारण देणारा मॉड्यूल पुढच्या वर्षीही लिहिला जाऊ शकतो. दोन, तुम्ही कोडमध्ये सर्व्हिसलोडर वापरला पण मॉड्यूल-इन्फोमध्ये युजेस लिहायचं विसरलात, तर तेही कंपायलर मुकाट्यानं जाऊ देतो. मात्र ही दुसरी चूक चालवताना सापडते. सर्व्हिस-कॉन्फिगरेशन-एरर येते आणि तिच्यात तुमच्या मॉड्यूलचं नाव घेऊन 'डझ नॉट डिक्लेअर युजेस' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. ही चांगली चूक. गप्प बसणारी पहिली वाईट, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यासाठीच आहेत.

पायरी पहिली: प्रत्येक जारला तिचंच तोंड उघडायला लावा

सोर्स कोड बघून विश्वास ठेवू नका. काट्यावर जाणारी जार जुनी असू शकते, बिल्ड अर्धवट झालेलं असू शकतं. लिब फोल्डरमधल्या प्रत्येक जारवर ही आज्ञा चालवा:

जार --डिस्क्राइब-मॉड्यूल --फाइल=काटा-सिरियल.जार

उत्तरात मॉड्यूलचं नाव, रिक्वायर्सच्या ओळी, आणि असतील तर युजेस व प्रोव्हाइड्सच्या ओळी येतात. एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे सगळ्या युजेस, उजवीकडे सगळे प्रोव्हाइड्स. डावीकडची एखादी ओळ उजवीकडे जोडीदाराशिवाय राहिली की तिच्यावर खूण करा. हे अडाणी काम वाटेल, पण पाच-सात मॉड्यूलांच्या प्रोजेक्टात याहून जलद काही नाही.

काही जारना मॉड्यूल-इन्फो नसतेच. अशी जार मॉड्यूलच्या वाटेवर (मॉड्यूल पाथ, म्हणजे आज्ञेत -पी नंतर दिलेला फोल्डर) ठेवली की जावा तिला ऑटोमॅटिक मॉड्यूल समजतं, आणि हीच आज्ञा तसं सांगतेही. तिच्या सेवा मेटा-इन्फ फोल्डरातल्या सर्व्हिसेस या उपफोल्डरमधून वाचल्या जातात. तिथे इंटरफेसच्या पूर्ण नावाची फाइल आणि आत देणाऱ्या क्लासचं नाव असतं. मॉड्यूल जावा ९ सोबत सप्टेंबर २०१७ मध्ये आले, सर्व्हिसलोडर जावा ६ पासून आहे, त्यामुळे ही जुनी पद्धत अजून जागोजागी सापडते. डेटाबेसचे ड्रायव्हर बहुतेक याच वाटेनं येतात.

इथे एक उलटसुलट भानगड आहे. मॉड्यूल-इन्फो असलेली जार मॉड्यूलच्या वाटेवर असेल तर तिच्यातली मेटा-इन्फवाली फाइल वाचलीच जात नाही, फक्त प्रोव्हाइड्स मानलं जातं. तीच जार क्लासपाथवर टाकली तर प्रोव्हाइड्स वाचलं जात नाही, फक्त मेटा-इन्फवाली फाइल मानली जाते. काटाघरातल्या कॉम्प्युटरवर कोणीतरी आधी करून ठेवलेली बॅच फाइल असते, तिच्यात क्लासपाथ असतो, आणि तुम्ही मात्र मॉड्यूल-इन्फोकडे बघत डोकं खाजवत बसता. म्हणून आधी बॅच फाइल उघडून वाचा. जार दोन्हीकडे वापरली जाणार असेल तर दोन्ही ठिकाणी नाव लिहून ठेवा.

सगळ्या जार एकत्र करून एकच मोठी जार बनवणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: दोन जारमध्ये एकाच इंटरफेसची सेवा-फाइल असेल तर एकत्र करताना एक दुसरीवर बसते आणि एक देणारा गायब होतो. मेव्हन या बिल्डच्या अवजाराच्या शेड प्लगिनमध्ये या फाइली जोडणारा सर्व्हिसेस-रिसोर्स-ट्रान्सफॉर्मर असतो, तो लावावा लागतो.

पायरी दुसरी: जेडेप्स, पण त्याच्याकडून जास्त अपेक्षा नको

अवलंबन म्हटलं की नवशिके जेडेप्सकडे धावतात. ते अवजार चांगलं आहे, पण ते बाइटकोडमध्ये कुठला क्लास कुठल्या क्लासचं नाव घेतो तेवढंच बघतं. काटा.मुख्य काटा.सिरियलचं नाव घेतच नाही, मग जेडेप्सला ते दिसणार कसं? '--प्रिंट-मॉड्यूल-डेप्स'नं दिलेली यादी पूर्ण आहे असं समजून तेवढेच मॉड्यूल पुढे पाठवणं, हा सेवा हरवण्याचा सगळ्यात सरळ रस्ता आहे. ऑटोमॅटिक मॉड्यूलसाठी मात्र जेडेप्स लागतंच. ते कुठे, ते जेलिंकच्या पायरीत सांगतो.

पायरी तिसरी: जावा सुरू होताना कोणाला हाक मारतं ते ऐका

प्रोग्रॅम सुरू करताना जावा आधी मुख्य मॉड्यूल घेतं, त्याचे रिक्वायर्स गोळा करतं, मग गोळा झालेल्या प्रत्येक मॉड्यूलचे युजेस बघून, वाटेवर जे कोणी ती सेवा देतात त्यांना आत घेतं. नव्यानं आलेल्यांचेही रिक्वायर्स आणि युजेस असतात, म्हणून हे फिरत फिरत चालतं, नवीन कोणी येईनासं होईपर्यंत. ही सगळी घडामोड छापून घेता येते:

जावा --शो-मॉड्यूल-रिझोल्यूशन --ड्राय-रन -पी लिब -एम काटा.मुख्य/काटा.मुख्य.सुरुवात

ड्राय-रनमुळे मुख्य क्लास लोड होतो पण मेन मेथड चालत नाही. हंगामात चालू काट्यावर तपासणी करायची असेल तर हे फार कामाचं, कारण चुकून एखादी पावती पडायची भीती राहत नाही.

छापून येणाऱ्या ओळी तीन प्रकारच्या असतात. 'रूट' म्हणजे सुरुवात जिथून झाली तो मॉड्यूल. 'रिक्वायर्स' म्हणजे कोणाच्या मागणीवरून कोण आलं. आणि 'बाइंड्स' म्हणजे सेवेमुळे कोण आलं. आपल्याला बाइंड्सशी मतलब. ओळीच्या शेवटी तो मॉड्यूल कुठल्या जारमधून उचलला तेही लिहिलेलं असतं, आणि कित्येकदा चूक तिथेच सापडते. वाटेवर दोन फोल्डर दिलेले असतील तर आधीच्या फोल्डरमध्ये जुनी जार पडलेली असते, आणि जावानं तीच उचललेली असते.

ओळी भरपूर येतील. जावा.बेस स्वतःच पुष्कळ सेवा मागतं, त्यामुळे जेडीकेमधल्या बाइंड्सचा पूरच येतो. विंडोजवर फाइंडएसटीआर, लिनक्सवर ग्रेप लावून 'काटा' असलेल्याच ओळी काढा. 'काटा.मुख्य बाइंड्स काटा.सिरियल' अशी ओळ दिसली तर सिरियलवाला आत आहे. नसेल दिसली तर तो लिब फोल्डरमध्ये नाही, किंवा त्याच्या मॉड्यूल-इन्फोमध्ये प्रोव्हाइड्स नाही, किंवा मुख्यमध्ये युजेस नाही. पहिल्या पायरीतला कागद समोर असेल तर यातलं कोणतं ते लगेच कळतं.

आता या पायरीतली माझी आवडती युक्ती. वरच्याच आज्ञेत, एमच्या आधी, हे घाला:

--लिमिट-मॉड्यूल्स काटा.मुख्य

यानं जावाला फक्त काटा.मुख्य आणि त्याच्या रिक्वायर्सची साखळी दिसते, बाकी जग अंधारात. सेवा देणारे सगळे बाहेर राहतात. आता ड्राय-रन काढून प्रोग्रॅम खरोखर चालवा आणि बघा तो कसा वागतो. स्वच्छ संदेश देऊन थांबला तर छान. शून्य वजनाची पावती छापली तर ग्राहकाकडे जाण्याआधी घरीच सापडलं. शिवाय पुढच्या पायरीतलं जेलिंक, वेगळं काही सांगितलं नाही तर, नेमकी एवढीच साखळी उचलतं. म्हणजे इमेज (प्रोग्रॅम आणि जावा एकत्र बांधलेला फोल्डर) बनवण्याआधीच तिच्यात काय उणं पडेल ते पाहून होतं.

पायरी चौथी: जेलिंक, जिथे खरी माती होते

आमच्या भागात जेलिंक हौस म्हणून वापरत नाहीत. काटाघरातल्या कॉम्प्युटरवर जावा नसतं, इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं आणि गाड्यांची रांग लागलेली असताना काहीही डाउनलोड करायला कोणी वेळ देत नाही. म्हणून प्रोग्रॅम आणि त्याला लागेल तेवढंच जावा एका फोल्डरमध्ये बांधून पेनड्राइव्हवर नेणं सोयीचं पडतं. जेलिंक तेच करतं.

दोन गोष्टी बांधण्याआधीच बघून घ्या. लिनक्स लॅपटॉपवर विंडोजसाठी इमेज करायची असेल तर विंडोजच्या जेडीकेमधले जेमॉड्स (जेडीकेचे स्वतःचे मॉड्यूल ठेवलेला फोल्डर) मॉड्यूलच्या वाटेवर द्यावे लागतात. आणि काटाघरातलं विंडोज ३२ बिटचं आहे का ते विचारून घ्या, कारण ओपनजेडीकेनं विंडोजची ३२ बिट आवृत्ती जेडीके २४ पासून काढून टाकली आहे.

आता मुद्दा. साधं जावा सुरू होताना सेवा आपोआप बांधतं, जेलिंक बांधत नाही. '--ॲड-मॉड्यूल्स काटा.मुख्य' म्हटलं की तो रिक्वायर्सची साखळी घेतो आणि थांबतो. सिरियलवाला, हातीवाला, दोघंही मागे राहतात. लॅपटॉपवर चाललेला प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर जाताच मुका होतो तो असा.

कोण मागे राहील ते आधी विचारा:

जेलिंक -पी लिब --ॲड-मॉड्यूल्स काटा.मुख्य --सजेस्ट-प्रोव्हायडर्स

यानं इमेज बनत नाही, फक्त यादी येते: अमुक मॉड्यूल अमुक सेवा देतो, ती तमुक मॉड्यूल वापरतो. एकाच सेवेपुरतं हवं असेल तर शेवटी इंटरफेसचं पूर्ण नाव द्या. यादीतून हवे ते मॉड्यूल ॲड-मॉड्यूल्समध्ये टाकून आज्ञा पुन्हा चालवा, कारण नव्यानं घेतलेल्या मॉड्यूलचीही स्वतःची युजेस असू शकते.

'--बाइंड-सर्व्हिसेस' नावाचा एक सोपा पर्याय आहे, तो सगळे देणारे एका झटक्यात आत घेतो. मी तो वापरत नाही, आणि तुम्हीही सवय लावू नका असं माझं म्हणणं आहे. जावा.बेस 'टूल-प्रोव्हायडर' नावाची सेवा मागतं आणि जावाचा कंपायलर ती देतो. म्हणजे काटा पावतीच्या इमेजमध्ये अख्खा कंपायलर येऊन बसतो. इमेज फुगते आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्याला नेमकं काय लागतं ते शेवटपर्यंत कळत नाही.

यादी वाचताना जेडीकेच्या स्वतःच्या मॉड्यूलांकडे दुर्लक्ष करू नका. मराठीत काम करणाऱ्यांसाठी त्यातला एक फार महत्त्वाचा आहे: जेडीके.लोकेलडेटा. जावा.बेसमध्ये फक्त इंग्रजीची माहिती असते. बाकी सगळ्या भाषांचे महिने, वार, आकडे या मॉड्यूलमध्ये असतात, आणि तो सेवेच्याच वाटेनं येतो, रिक्वायर्सच्या नाही. तो मागे राहिला तर पावतीवर 'नोव्हेंबर' हे मराठीत येत नाही. चूक दाखवली जात नाही, प्रोग्रॅम थांबत नाही, पावती तशीच छापून निघते. आख्खा मॉड्यूल जड वाटत असेल तर त्यातली हवी तेवढीच भाषा घेता येते:

जेलिंक -पी लिब --ॲड-मॉड्यूल्स काटा.मुख्य,काटा.सिरियल,काटा.हाती,जेडीके.लोकेलडेटा --इन्क्लूड-लोकेल्स=इएन,एमआर --आउटपुट काटा-इमेज

इन्क्लूड-लोकेल्स लिहिलं पण ॲड-मॉड्यूल्समध्ये लोकेलडेटा टाकलं नाही, तर उपयोग नाही. दोन्ही हवं. (भाषा बरोबर आली तरी बारा लाख चौतीस हजार हा आकडा लाखाच्या जागी स्वल्पविराम देऊन छापेल अशी आशा ठेवू नका. जावाचा डेसिमलफॉर्मॅट सगळे गट एकाच आकाराचे धरतो, म्हणून तीन-तीनचेच पाडतो. तो सेवेचा दोष नाही, त्यासाठी स्वतःच चार ओळी लिहाव्या लागतात.)

भाव किंवा बिलं कुठल्या सर्व्हरवरून सुरक्षित जोडणीनं आणत असाल तर जेडीके २१ पर्यंत जेडीके.क्रिप्टो.ईसी हाही मॉड्यूल बघा. तो नसेल तर काही सर्व्हरांशी हॅण्डशेकच होत नाही, आणि आपण मात्र हॉटस्पॉटला दोष देत बसतो. जेडीके २२ पासून ते काम जावा.बेसमध्येच हलवलं आहे.

राहिला डेटाबेस. जावा.एसक्यूएल मॉड्यूल स्वतःच ड्रायव्हरची युजेस लिहून बसलेलं आहे, म्हणून तुम्हाला ती लिहावी लागत नाही. पण जेडीकेमध्ये ड्रायव्हर एकही नाही, तो तुम्हीच आणायचा. ड्रायव्हरची जार ऑटोमॅटिक मॉड्यूल असेल तर जेलिंक ती घ्यायला सरळ नकार देतं. अशा वेळी ती इमेजबाहेर, शेजारच्या लिब फोल्डरमध्ये ठेवा आणि इमेजमधलं जावा त्या फोल्डरची वाट देऊन चालवा. सेवेमुळे ती आपोआप बांधली जाईल. मात्र ऑटोमॅटिक मॉड्यूल स्वतःला काय लागतं ते कुठेच लिहून ठेवत नाही. इथे जेडेप्स कामाला येतं. ड्रायव्हरच्या जारवर '--प्रिंट-मॉड्यूल-डेप्स' चालवा आणि आलेली नावं इमेज बांधतानाच ॲड-मॉड्यूल्समध्ये टाका. ड्रायव्हरच मिळाला नाही तर 'नो सूटेबल ड्रायव्हर' असा संदेश येतो. नवशिके तो वाचून जोडणीचा पत्ता तपासत बसतात. आधी बाइंड्सच्या ओळी तपासा.

इमेज झाली की तिसरी पायरी पुन्हा करा, पण या वेळी इमेजच्या बिन फोल्डरमधल्या जावानं. सवयीनं लॅपटॉपचंच जावा चालतं आणि सगळं ठीक दिसतं. '--लिस्ट-मॉड्यूल्स' दिलं की इमेजमध्ये काय काय आहे ते दहा-वीस ओळींत समोर येतं.

पायरी पाचवी: कोडलाच बोलकं करा

बाहेरून कितीही तपासा, शेवटी कोणीतरी फोल्डरमधली जार उडवणारच. म्हणून मेन मेथडच्या सुरुवातीला सर्व्हिसलोडरची स्ट्रीम मेथड वापरून प्रत्येक देणाऱ्याचा टाइप लॉगमध्ये छापा. ही मेथड जावा ९ पासून आहे, आणि तिचा फायदा असा की टाइप विचारताना देणाऱ्या क्लासचा ऑब्जेक्ट बनत नाही, म्हणजे सिरियल पोर्ट उघडला जात नाही. नुसती यादी मिळते.

मग ठरवा, कुठली सेवा अत्यावश्यक आणि कुठली असली तर बरी. हा निर्णय जावा घेऊ शकत नाही. रिकामी यादी ही दर वेळी चूक नसते. एसएमएस पाठवणारा मॉड्यूल नसेल तर पावती तरी निघाली पाहिजे. पण वजनवाचक एकही नसेल तर स्क्रीन उघडूच नये. 'वजन वाचणारा मॉड्यूल सापडला नाही, लिब फोल्डर तपासा' असं मराठीत दाखवून थांबावं. 'नसेल तर शून्य' ही ओळ शेतकऱ्याच्या पैशाशी खेळते, ती काढून टाका.

दोन वाचक असतील तर पहिला कोण येईल? मॉड्यूलच्या वाटेवर याची खात्री नाही, जावाचं दस्तावेजीकरणच सांगतं की हा क्रम ठरलेला नाही. तुमच्याकडे सिरियलवाला पहिला आला म्हणून काट्यावरही येईल असं नाही. इंटरफेसमध्येच 'प्राधान्य' देणारी एक मेथड ठेवा आणि तिच्यानुसार लावून घ्या.

सर्व्हिसलोडर आळशीही आहे. लोड म्हटल्यावर काहीच होत नाही, यादीतून पुढे सरकताना एकेक ऑब्जेक्ट बनतो. त्यामुळे बिघडलेल्या देणाऱ्याची चूक लोडच्या ओळीवर येत नाही, फेरा घेताना येते. ट्राय-कॅच तिथे लावा.

मॉड्यूल वीसच्या वर गेले की कागदाचे दोन रकाने पुरत नाहीत. मग एक टेस्ट लिहा: मॉड्यूललेयरच्या बूट लेयरमधले (सुरू होताना जावानं आत घेतलेले) सगळे मॉड्यूल घ्या, नाव 'काटा'नं सुरू होणाऱ्यांच्या डिस्क्रिप्टरमधून, म्हणजे मॉड्यूल-इन्फोच्या माहितीतून, युजेस काढा, सगळ्यांचे प्रोव्हाइड्स एका संचात टाका, आणि ज्या युजेसला जोडीदार नाही ती अत्यावश्यक यादीत असेल तर टेस्ट पाडा. जेमतेम वीस ओळी होतात. फक्त हा तपास इमेजमधल्या जावावरही चालवता यावा म्हणून तो टेस्टच्या फोल्डरात न ठेवता मुख्य मॉड्यूलमध्ये वेगळा क्लास म्हणून ठेवा.

त्या क्लाससाठी पेनड्राइव्हवर 'तपास' नावाची एक बॅच फाइल करून द्या, जी त्याचं उत्तर आणि बाइंड्सच्या ओळी एका टेक्स्ट फाइलमध्ये टाकेल. पुढच्या वेळी काटाघरातून फोन आला तर ऑपरेटरला एवढंच सांगायचं: तपासवर डबल क्लिक करा आणि जी फाइल तयार होईल ती व्हॉट्सॲपवर पाठवा.